अक्षरं कापणारा माणूस

माझा नवरा कविता लिहीत नसे, कापत असे. रोजची तीन वर्तमानपत्रं, जुनी मासिकं, औषधांची खोकी, सिनेमाच्या जाहिराती, हाताला जे लागेल त्यातून तो एकेक अक्षर कात्रीनं सोडवायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत क्रमानं ठेवायचा. इटालियन लिपीतल्या एकवीस अक्षरांचे एकवीस डबे. मग महिनामहिना ती अक्षरं पांढऱ्या पुठ्ठ्यावर इकडून तिकडे सरकवत बसायचा. एका पुठ्ठ्यावर फक्त 'समुद्र' एवढाच शब्द होता. आमच्या भाषेत त्याची चार अक्षरं. ती एकाखाली एक बुडत गेलेली, आणि शेवटचं निम्मं कडेबाहेर. दुसऱ्या एकावर नुसती उद्गारचिन्हं, मोजून चारशे. मिलानहून, तूरिनहून त्याच्यासारखेच चार-दोन वेडे येत, आमच्या स्वयंपाकघरात बसून त्या पुठ्ठ्यांवर तासन्‌तास वाद घालत आणि माझं सूप ओरपून जात.

त्याचं नाव अत्तिलिओ क्वेइरोलो. दिवसा तो तंत्रशाळेत मुलांना रेखाकला शिकवायचा, म्हणून आमच्या चढावाच्या गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणत. कोपऱ्यावरची भाजीवाली जेमा त्याला पाहिलं की ओरडायची, "काय मास्तर, आज कुणाची मान कापली?" आणि मला म्हणायची, "इरिदे, तू पडदे शिवतेस, तो पेपर कापतो. दोघांचा मिळून एक शिंपी होईल बघ!" जेनोव्हात अशी थट्टा झाली म्हणजे माणूस आपला मानला, असं समजायचं.

पण सत्त्याहत्तरच्या त्या शरदात कुणाला फारसं हसू येत नव्हतं. सकाळी कामावर निघालेल्या माणसाला बस थांब्यावर गाठायचं, पायांत गोळ्या घालायच्या, आणि पत्रक टाकून निघून जायचं, असं शहरात सुरू होतं. कधी कारखान्यातला साहेब, कधी वार्ताहर, कधी कुणी प्राध्यापक. हे करणारे कोण, ते कुठे राहतात, कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना नुसतं 'ते लोक' म्हणायचो, तेही आवाज खाली करून. ते तुमच्या शेजारीही असू शकत होते. म्हणून तर जो तो शेजाऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघायला लागला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअर दापेलो राहायचे. पोलाद कारखान्यात एका विभागाचे प्रमुख, उंच, अबोल, जिन्यात भेटले की टोपी काढणारे. मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको फोस्का कुनेओकडची, डोंगरातली. पंधरा वर्षं झाली तरी तिला आमचा समुद्र मानवला नव्हता. आम्हा दोघींची ओळख विणकाम-शिवणकामाच्या एका मासिकावरून झाली होती. ते माझ्याकडे यायचं, माझं वाचून झालं की मी तिला वर नेऊन द्यायची. जूनमध्ये दापेलोंच्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याला त्या लोकांनी गाठलं. चार गोळ्या. तेव्हापासून फोस्का नवऱ्याला रोज खिडकीतून वळणापर्यंत बघत उभी राहायची. मी खाली पायरी झाडत असले तर मला तिचे हात दिसायचे, खिडकीची चौकट घट्ट धरलेले.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका मंगळवारी वर दापेलोंच्या दारात पोलीस उभा राहिला. आमच्या इमारतीच्या दारवानबाईनं दुपारपर्यंत सगळ्यांना बातमी पोचवली: इंजिनिअरसाहेबांना धमकीची पत्रं येताहेत. तीन आली. पहिलं त्यांनी फाडलं, दुसरं खिशात ठेवलं, तिसरं पोलिसांकडे नेलं.

"आणि कशी पत्रं म्हणतेस?" दारवानबाई माझ्याकडे न बघता म्हणाली. "पेपरातली अक्षरं कापून चिकटवलेली."

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. बटाटे जिन्यावरून गडगडत गेले. ते गोळा करायला ती वाकली नाही.

पोलीस गुरुवारी आले, दुपारी एक वाजता, आम्ही जेवायला बसत असताना. चौघे होते. पुढे इन्स्पेक्टर मुसान्ते, सर्दी झालेला, हातात रुमाल घेतलेला माणूस. त्यानं आवाजही चढवला नाही. "जेवून घ्या, आम्ही थांबतो," असंच म्हणाला. अत्तिलिओ उठला आणि स्वतःच आतल्या खोलीचं दार उघडलं. एकवीस डबे. भिंतीला टेकवलेले साठ-सत्तर पुठ्ठे. टेबलावर तीन कात्र्या आणि डिंकाची बाटली. त्यांच्यातला एक पोरगेला पोलीस हळूच शीळ घालून थांबला.

मुसान्तेनं एक पुठ्ठा उचलला. "याचा अर्थ काय, मास्तर?"

"अर्थ असा नाही काही."

"मग लपवताय काय?"

"लपवत नाही. नाहीच म्हणतोय."

दुसऱ्या पुठ्ठ्यावर फुटबॉलच्या संघाचा फोटो होता. अकरा खेळाडू, आणि अत्तिलिओनं अकराही जणांचे पाय गुडघ्यातून कापून त्या जागी अक्षरं लावली होती. मुसान्ते त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. मला तो पुठ्ठा त्याच्या हातातून हिसकावून चुलीत घालावासा वाटला.

"पाय कुठे गेले यांचे?"

"दुसऱ्या कवितेत," अत्तिलिओ म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता. पाय खरोखरच दुसऱ्या कवितेत होते. पण त्या खोलीत ते वाक्य कसं ऐकू गेलं ते मी बघितलं. त्यांनी त्याला कोट घालायला सांगितलं. जाताना तो मला म्हणाला, "इरिदे, संध्याकाळपर्यंत येतो." मग डबे नेले, पुठ्ठे नेले, माझ्या शिवणाच्या कात्र्यासुद्धा नेल्या. जिन्यात प्रत्येक मजल्यावरचं दार बोटभर उघडं होतं आणि फटीत एकेक डोळा.

संध्याकाळी तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी मला चौकीत बोलावलं. मुसान्तेनं टेबलावर ते तिसरं पत्र ठेवलं, वर काच ठेवलेली. "तुमच्या नवऱ्याचं काम ओळखता ना? नीट बघा."

मी वाचलं. 'इंजिनिअर, हे शहर सोड. पाय आहेत तोवर चालून घे.'

बहुतेक अक्षरं काळी होती, वर्तमानपत्रातली. पण एक 'आर' लाल होता, मोठा, आणि त्याच्या पोटात इवलंसं डेझीचं फूल. ते फूल मी ओळखलं. माझ्या विणकामाच्या मासिकाच्या सप्टेंबर अंकात लहान मुलांच्या स्वेटरांचं पान होतं, त्याच्या मथळ्यात प्रत्येक अक्षराच्या पोटात असं फूल होतं. तो अंक माझ्या नावानं माझ्या घरी आलेला.

"काय?" मुसान्ते म्हणाला.

"काही नाही. मला यातलं कळत नाही."

"घाम आलाय तुम्हाला."

"इथे गरम होतंय."

ऑक्टोबरचा गारठा होता आणि त्याची खिडकी उघडी होती.

घरी कशी आले आठवत नाही. एवढं आठवतं, की जेमाच्या दुकानापुढून जाताना ती बोलली नाही, गाजरं रचत राहिली. घरात शिरून मी कडी लावली आणि जमिनीवरच बसले. आता लाज वाटते सांगायला, पण सांगते: त्या क्षणी मला वाटलं, यानंच केलं. सव्वीस वर्षं ज्याच्याशेजारी झोपले, ज्याच्या मोज्यांची भोकं मला पाठ होती, तो त्या लोकांपैकी असेल. मिलानहून येणारे ते वेडे खरंच कवी होते का? ते आले की हा दार लावून का घ्यायचा? मी आठवत गेले, आणि आठवलेली प्रत्येक साधी गोष्ट तोंड फिरवून माझ्याकडे वेगळीच बघायला लागली. नवरा पोलिसांच्या ताब्यात असल्याची भीती वेगळी. नवरा कोण आहे हेच माहीत नसल्याची भीती वेगळी. दुसरीत माणसाला रडूही येत नाही.

उठून मासिकांचा गठ्ठा उपसला. जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर. सप्टेंबर नव्हता. आणि मग डोक्यात लख्ख झालं. सप्टेंबरचा अंक मी महिन्याच्या शेवटालाच वर दिला होता. फोस्काला.

मी तशीच वर गेले. दारातल्या पोलिसानं माझी पिशवी तपासली, आत सोडलं. फोस्का स्वयंपाकघरात होती. मी नुसतं म्हणाले, "बाई, माझा सप्टेंबरचा अंक द्या."

ती पांढरीफटक पडली. खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"रद्दीत गेला," ती म्हणाली.

"फुलांची अक्षरं कापून मग गेला?"

ती ओट्याला टेकली. नळाचं पाणी वाहतच होतं. मग ती हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, त्या पाण्याशी बोलावं तशी. "मी त्यांना जूनपासून सांगतेय, बदली मागा, माझ्या गावाकडे चला. हसतात. म्हणतात, भित्री आहेस. तुम्ही कधी बघितलंय का हो, नवरा निघाला की त्याच्या पायांकडे? मी दुसरं काही बघतच नाही. त्यांचा चेहरा विसरायला झालाय मला. पायच दिसतात." तिनं नळ बंद केला. "वाटलं, माझं ऐकत नाहीत, त्या लोकांचं तरी ऐकतील."

"आणि अक्षरं कापायची कल्पना कुठून आली?"

"मास्तरांच्या प्रदर्शनात गेले होते ना मी, वसंतात. ते म्हणाले होते, अक्षर कापून काढलं की ते कुणाचंच राहत नाही. मला ते पटलं."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. "मास्तर आत आहेत, फोस्का," मी म्हणाले. तिला पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक मारली. "तुझ्यामुळे. उद्या बारापर्यंत तू जाऊन सांग. नाहीतर मी सांगते."

"तुरुंगात घालतील मला."

"घालतील कदाचित."

"आणि ह्यांचं काय? कारखान्यात हसतील लोक. इंजिनिअरची बायको..." तिनं माझा हात धरला. तिची बोटं बर्फ होती. "इरिदे, आणि पोलीस निघून गेल्यावर ते लोक खरंच आले तर?"

मी हात सोडवून घेतला आणि खाली आले.

सकाळी दहाला वर गेले, तर दार बंद. पोलीसही नाही. बेल वाजवली, दार ठोकलं. दारवानबाई म्हणाली, "भल्या सकाळी गेले दोघं, बॅग घेऊन." पळाली. कुनेओला पळाली, आणि अंकही घेऊन गेली असणार. आता मी काय सांगणार? माझ्या घरी येणाऱ्या मासिकातलं अक्षर आहे, पण ते वरच्या बाईनं कापलं? सर्दीवाल्या त्या माणसानं काय केलं असतं? नाक पुसलं असतं आणि मलाही आत बसवलं असतं.

तरी गेले. बसमध्ये जो कुणी माझ्याकडे बघत होता तो मला पोलीस वाटत होता, आणि जो बघत नव्हता तो त्या लोकांपैकी.

चौकीच्या लांब बाकावर ते दोघे बसले होते. फोस्काच्या मांडीवर बॅग, बॅगेवर माझा सप्टेंबरचा अंक, स्वेटरांच्या पानाला चौकोनी भोकं पडलेली. इंजिनिअरसाहेब तिच्यापासून हातभर अंतर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. टोपी डोक्यावरच होती. मला पाहून त्यांनी ती काढली नाही.

फोस्काला तुरुंगात घातलं नाही. नवऱ्यानं लिहून दिलं, वकिलानं काहीतरी केलं, डॉक्टरचा कागद आला. अत्तिलिओला त्याच संध्याकाळी सोडलं. तो आला तेव्हा दाढी वाढलेली, बुटांच्या नाड्या हातात. मी गरम पाणी काढलं, त्याचा सदरा उतरवला, आणि सगळं सांगितलं. अंक, फूल, फोस्का. तो ऐकत होता, मान हलवत होता. आश्चर्य वाटल्यासारखं काहीच नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पत्र दाखवलं तेव्हाच कळलं."

"कसं?"

"ते लोक कुणाला शहर सोड म्हणत नाहीत, इरिदे. त्यांना माणूस जागेवरच हवा असतो. जा म्हणणारं माणूस काळजी करणारंच असणार. आणि प्रत्येक अक्षराभोवती कागदाची बारीक कड ठेवलेली. प्रदर्शनात मीच तिला दाखवलं होतं, अशी कड ठेवावी म्हणून."

"आणि तू बोलला नाहीस. तीन दिवस."

"भ्यालेली बाई होती ती. तिच्याकडे कसं बोट दाखवू?"

तांब्या माझ्या हातात होता. तो मी मोरीत आपटला. "आणि मी? मी नव्हते भ्यालेली? मला वाटलं तू त्यांच्यातला आहेस! एक अख्खी संध्याकाळ मी तुला खुनी समजून या जमिनीवर बसले होते! तिची भीती तुला दिसली, कागदाच्या कडेवरून दिसली, आणि माझी?"

तो उघडा उभा होता, अंगावर काटा आलेला. त्यानंतर आम्ही बोललो ते मिठाचं, पावाचं, वीजबिलाचं. पोलिसांनी कात्र्या आणि डबे परत केले, डबे त्यानं पलंगाखाली सारले. कात्रीला हात लावला नाही. शाळेतून आला की खिडकीशी बसायचा. मिलानहून पत्रं आली, त्यांना त्यानं उत्तरं दिली नाहीत. आणि मी? मी त्याला माफ केलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी स्वतःलाही माफ केलं नव्हतं.

दापेलो गेले नाहीत. बदली घेतली असती तर बायकोच्या कागदाच्या तुकड्यांना भ्याले असं झालं असतं. पोलिसाचा पहारा उठला. फोस्का आता खिडकीत उभी राहायची नाही. त्यांनीच मनाई केली होती.

फेब्रुवारीत, सकाळी पावणेआठला, मी दूध तापवत होते. खाली चार आवाज झाले, मागोमाग, फळी फळीवर आपटावी तसे. कुणी किंचाळलं नाही. मग जिन्यावरून कुणी धावत उतरलं, आणि मला पायांच्या आवाजावरूनच कळलं की ती अनवाणी आहे.

मी शिवायला घेतलेला पडदा तसाच उचलून पळाले. इंजिनिअरसाहेब दारातच पडले होते, भिंतीला पाठ लावून, एक पाय विचित्र वळलेला. फोस्का गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्यांची मांडी दाबत होती. बोटांमधून रक्त येत होतं. "मी नाही," ती म्हणत होती. "यावेळी मी नाही. मी काही केलं नाही." आणि ते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिच्याकडे बघत होते. "माहितीये गं," ते म्हणाले. "माहितीये."

माझ्या मागून अत्तिलिओ आला. खाली बसला आणि माझ्या शिवणाच्या मोठ्या कात्रीनं त्यांची विजार घोट्यापासून वरपर्यंत सरळ कापली. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती स्थिर हात. मी पडदा घट्ट बांधला. गल्लीत एकही खिडकी उघडली नाही. पहिली आली ती जेमा, एप्रनमध्ये, हातात बर्फाची बादली घेऊन. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि शेजारी बसली.

ते वाचले. एक पाय आखूड झाला. इस्टरनंतर दोघं कुनेओला गेली.

हल्ल्याच्या त्या दिवशी पोलिसांना जबान्या देऊन आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. दूध उतू जाऊन चुलीवर करपलं होतं. मी ते खरवडायला लागले. अत्तिलिओ मागे उभा राहिला.

"इरिदे, मी तुला खोटं सांगितलं," तो म्हणाला.

मी वळले नाही. भांडी घासायची तार हातात घट्ट धरली. आता काय ऐकायचं उरलंय, असं झालं.

"तिच्यासाठी म्हणून गप्प नव्हतो. म्हणजे, पहिल्या तासाला असेन. मग त्यांनी बेल्ट घेतला, नाड्या घेतल्या, दार लावलं, आणि मला काही बोलताच येईना. मुसान्ते विचारायचा, तुमचं नाव? मला माझं नाव आठवायला वेळ लागायचा. शब्दच नव्हते डोक्यात. मला वाटलं, मी तोंड उघडलं आणि चुकीचा शब्द आला तर तुला आणतील इथे. म्हणून तोंडच उघडलं नाही. तीन दिवस थरथरत बसलो होतो. शेजारच्या कोठडीतला चोर मला म्हणाला, आजोबा, दात वाजवू नका, झोप येत नाही. तुला ते सांगायची लाज वाटली. थोर वाटेल असं काहीतरी सांगितलं."

मी वळले. त्याचे हात बघितले. सकाळी इतके स्थिर होते ते आता विजारीच्या शिवणीवर थडथडत होते, आणि बाहीवर दुसऱ्याचं रक्त वाळलेलं होतं. मी तार खाली ठेवली. त्याचे दोन्ही हात धरले. माझेही थरथरत होते, त्यामुळे कुणाचे जास्त ते कळेना.

"मलाही लाज वाटते," मी म्हणाले. "त्या संध्याकाळची."

"वाटू दे," तो म्हणाला. "बस जरा."

आम्ही टेबलाशी बसलो. बाहेर गल्लीत कुणीतरी पायऱ्यांवर पाणी ओतत होतं, खराट्याचा आवाज येत होता. दारावर थाप पडली तेव्हा आम्ही दोघं एकदम दचकलो. दारवानबाई होती. तिनं आत येऊन टेबलावर पाव ठेवला, आणि प्रथमच आमच्याकडे सरळ बघून विचारलं, "मास्तर, काही लागलं तर सांगाल ना?"

"सांगू," अत्तिलिओ म्हणाला. आवाज फुटला नाही, ओठ तेवढे हलले. मग त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा, मोठ्यानं म्हणाला, "सांगू."